चावडीवरचा चुडा

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपार कलायला आली तरी माझे दोन्ही हात मोकळे होते. मोकळे म्हणजे मनगटावर काचेची एक बांगडी नाही. जुन्या सकाळीच उतरवलेल्या, नव्या भरायला बाई येईना, आणि जिनं यायचं ती गावातच होती. वेशीजवळ आपल्या दारात पाय पसरून खुशाल लसूण सोलत बसली होती. माझी आई साळूबाई कपाळाला हात लावून बसलेली. वऱ्हाड केडगावाहून निघालेलं. नवरीचे मोकळे हात वऱ्हाडानं बघितले तर लग्न मोडून गाड्या माघारी वळायच्या, एवढी ती अवदसा. आणि मी? खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती ती वाटतच होती, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या.

ती बाई म्हणजे हाजराबी. आमच्या खडकवाडीची मनियारीण. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार, तरी हिच्या टोपलीत हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या कुठून यायच्या देव जाणे. नवरा कादर पायानं अधू. तो नगरला जाऊन माल आणायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन जामखेडच्या रस्त्यावरच्या सगळ्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायची. अंगानं उंच, दात जरा पुढं, आवाज असा की ओढ्याच्या अलीकडून पलीकडच्या बाईला विचारायची, "काय गं, हात कवा देती?"

बायकांना ती नावानं कधी बोलायचीच नाही. तिच्या लेखी सगळे हात. "माळावरच्या घरात एक हात बाळंतीन हाय, तिला कवळ्या मापाच्या लागतील." "सुताराचा हात लई तिखट, दोन शब्द जास्तच बोलतो." असं म्हणायची आणि आम्ही पोरी खिदळायचो. आता हसायला काय झालं होतं म्हणा! आपण सगळे असंच तर बोलतो. गावात घरं किती विचारलं की उंबरे सांगतो. भाऊ वेगळे झाले म्हणत नाही, चूल वेगळी झाली म्हणतो. तलाठी आला तर दप्तर आलं म्हणतो. अख्ख्या माणसाला त्याच्या एका वस्तूनं धरायचं ही आपली जुनीच खोड. त्यात वाकडं काही नाही. वाकडं कधी होतं, तर वस्तू एकाची असते आणि तिच्या नावानं बेअब्रू दुसऱ्याची होते तेव्हा.

आणि सगळ्यात लबाड शब्द कुठला असेल, तर 'गाव'. गाव जमलं, गावानं ठरवलं, गाव जेवलं. मी ते चांगलं बघितलंय. गाव म्हणजे चावडीवर बसलेली दहा-पंधरा पागोटी. त्यात बाई औषधाला नाही. बाईनं चावडीपुढून जायचं ते पायातलं हातात घेऊन आणि पदर ओढून. पाटलाची पोर असून मीही तशीच जात होते. हो, सहादेव पाटील म्हणजे माझे वडील. आबा म्हणायचो आम्ही त्यांना. माणूस वाईट नव्हता. पण जिभेला हाड नव्हतं, आणि चार माणसं हसली की त्यांना आणखी चेव यायचा.

आता आगीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

होळी होऊन गेलेली. ज्वारी निघालेली. गावाबाहेर खळवाडीत सगळ्यांच्या कडब्याच्या गंज्या, त्यातच एक सरकारी, एकीला एक लागून उभ्या, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर गवतानं शाकारलेली घरं. त्या दिवशी जामखेडचा बाजार. बैलांचा मोठा बाजार, म्हणून झाडून सगळे पुरुष तिकडं गेलेले. उरले ते अंथरुणाला खिळलेले म्हातारे. आणि भर दुपारी खळवाडीतून धूर निघाला. कुणाच्या चुलीची ठिणगी उडाली की आणखी कशाची, ते काही कळलं नाही. वारा असा सुटलेला की जाळ एका गंजीवरून दुसरीवर उडी मारायला बघत होता.

सगळ्यात आधी धावली झुंबरबाई, आमच्या शेजारची, साठी ओलांडलेली. ओरडली, "अगं बघताय काय, वढा पेंढ्या!" मग काय! कुणी विहिरीवरून घागरी, कुणी ओली पोती, कुणी उकिरड्यावरची राख पाटीनं आणून फेकतंय. पाण्यानं भागेना. तेव्हा हाजराबी म्हणाली की जळणारी गंजी जळू दे, तिच्या पुढची मोडा, जाळाला खायला काही ठेवू नका. आम्ही बायका हातांनी पेंढ्या ओढत होतो, वरून ठिणग्या पडत होत्या, पदर कमरेला खोचलेले, तोंडं काळी. हातातल्या बांगड्या खळाखळा फुटत होत्या. बांगड्या फुटल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं, पण त्या दिवशी तोंडाचं भान होतं कुणाला! दोन गंज्या गेल्या. बाकीचा कडबा, घरं, दावणीची जनावरं, सगळं राहिलं. पुरुष बाजाराहून परत आले तेव्हा आम्ही चुली पेटवून भाकरी थापत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांतून हाजराबीला बोलावणी. तीही रात्रभर खोकत होती धुरानं, पण आली. फोड आलेल्या हातांत बांगडी चढवायची म्हणजे काय, ते भरणारीला आणि भरून घेणारीलाच ठाऊक. एरवी सारखी बडबडणारी बाई त्या दिवशी गप्प होती. एकेक हात मांडीवर घ्यायची, फुंकर घालायची, तेल लावायची आणि हळूच काच सरकवायची. माझा उजवा हात बघितला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत भाजला होता. आईनं तिला हात जोडले, "हाजराबी, कुनाला बोलू नगं. पोरीचं लगीन ठरलंय. भाजलेली पोर म्हनून मोडतील." घरातसुद्धा, आबांनाही, सांगितलं नाही. मी पदराखाली हात ठेवायला शिकले.

आठवडा गेला नसेल, सर्कलसाहेब आले. चावडीवर बसले, चहा झाला, म्हणाले, "शाबास! या गावानं आग विझवली, सरकारी गंजीसुद्धा वाचवली." आणि गावाचा मान म्हणून आबांच्या खांद्यावर शेला टाकला. आबा फुगले. साहेबांची पाठ वळल्यावर चावडीवर बढाया सुरू झाल्या. बाजारात गेलेली माणसं आग कशी विझवायची असते ते एकमेकांना सांगायला लागली. तेव्हा आमचा वाटेकरी बन्सी, गरीब गाय माणूस, खालच्या पायरीवरून म्हणाला, "पर पाटील, आपन तर बाजारात हुतो. इझवली ती बायकांनी."

एवढंच बोलला बिचारा. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खालून रस्त्यानं हाजराबी टोपली घेऊन चाललेली. आबा ओरडले, "बन्श्या, तू आपला बांगड्या भर हातात! ए हाजराबी, थांब. हा गडी बाईच्या वरताण निघाला. घाल गं याच्या हातात!"

चावडी खो खो हसली. बन्सीनं मान खाली घातली.

हाजराबी थांबली. टोपली उतरवून चावडीच्या पायरीवर ठेवली. चपला पायातच होत्या. म्हणाली, "पाटील, परवा या गावातल्या समद्या हातांत म्या बांगड्या भरल्या. त्या हातांची कातडी म्या बघितली. तुमी न्हाई बघितली. माझा माल तुमच्या तोंडात शिवी म्हनून येत आसंल, तर शिवी तुमच्या घरात कशाला आनू? आजपासनं तुमच्या दारात माझी टोपली उतरायची न्हाई."

आणि गेली चालती. कुणाला वाटलं रागाच्या भरात बोलली, उतरेल राग. आबा तर म्हणाले, "जाती कुठं! पोरीचं लगीन तोंडावर आलंय, धावत येईल." कारण पाटलाच्या घरचं लग्न म्हणजे मनियारणीची वर्षाची बरकत. नुसती नवरी नाही, लग्नघरी गावातल्या यच्चयावत बायका बांगड्या भरून घेतात, आणि ते सगळं लग्नघरानं द्यायचं असतं. त्यात वेशीजवळची तिची जागाही आबांच्याच शब्दावर होती. कादरभाईची तर पाचावर धारण बसली. तो तिच्या विनवण्या करायचा, "पाटलाशी वैर करून आपन ऱ्हायचं कुठं?" पुढं मला तिनं स्वतः सांगितलं की त्या दिवसांत तिला घास गिळवत नव्हता. पण बाहेर कुणाला दिसू दिलं नाही. बाहेर ती लसूण सोलायची.

लग्नाचा आदला दिवस उजाडला. हाजराबी काही आली नाही. आबांनी तिरीमिरीत जामखेडला गाडी पाठवली आणि गनीभाई मनियाराला आणवलं. भला माणूस, पांढरी दाढी, हातात हलकेपण. ओसरीवर चादर अंथरून बसला, हिरवा चुडा मांडला, बिस्मिल्ला म्हणून पहिली बांगडी उचलली. म्हणाला, "आन बेटी, हात."

मी हात पदराखालून काढलाच नाही.

"मुक्ते!" आईनं चिमटा काढला. मी म्हटलं, "मला हाजराबी भरील. न्हाईतर ऱ्हाऊ द्या मोकळे."

गनीभाईंनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि शहाण्या माणसासारखे झुंबरबाईकडं वळले, "बरं, तुमच्यातली कोन बसती आधी?" झुंबरबाई आपल्या सुनांना घेऊन आली होती. तिनं सुनांकडं नुसतं बघितलं. सुनांनी हात पाठीमागं घेतले. मग सुताराची. मग माळावरची. बन्सीची बायको. ओसरी बायकांनी भरलेली आणि गनीभाईंपुढं एक हात नाही! ठरवलेलं म्हणाल तर काही नव्हतं हो. शपथ घेऊन सांगते. एकीनं मागं घेतला, दुसरीनं बघितला, झालं.

गनीभाईंनी मुकाट्यानं चुडा टोपलीत ठेवला. आबा बाहेरून आले तसे त्यांना म्हणाले, "पाटील, हात न्हाईत. मी भरू कुनाला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या गावात मनियारीन हाय ना? तिच्या पोटावर पाय देऊन मला बरकत न्हाई यायची." आणि पान खाऊन गाडीत बसले.

आबांनी आकाशपाताळ एक केलं. आईवर ओरडले, माझ्यावर ओरडले, विनाकारण बैलावरसुद्धा ओरडले. मग उपरणं खांद्यावर टाकलं आणि गेले वेशीकडं. पाटील स्वतः मनियारणीच्या दारात! अर्धं गाव दाराआडून बघत होतं.

तिथं काय झालं ते कादरभाईनं नंतर रंगवून सांगितलं. आबा म्हणाले, "हाजराबी, झालं गेलं इसर. चल, पोरीचा चुडा भर." ती म्हणाली, "भरीन की. मुक्ता माझी पोर हाय. पर घरात न्हाई भरनार. बांगडीची शोभा तुमी चावडीवर केली. चुडा चावडीवर भरीन. समद्या बायका चावडीवर बसतील, म्या भरीन, आन् तुमी पुरुषमंडळी खाली उभं ऱ्हा."

आबांना वाटलं, कानांवर पडलं ते चुकीचं. चावडीवर बायका? आजवर जिथं बाईची सावली पडली नाही तिथं? ते तरातरा घरी आले. अंगाचा नुसता तिळपापड. माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुक्ते, गनीभाई लई लांब गेला नसंल. मानूस पाठवतो. तुझ्या बापाच्या इज्जतीसाठी हात पुढं कर."

मला रडू फुटलं. राग होता तो, भीती होती, सगळं एकदम. मी म्हटलं, "करते आबा." आणि उजवा हात पदराबाहेर काढून त्यांच्यापुढं उघडला.

भाजल्याची जागा भरून आली होती, पण कातडी गुलाबी, ताणलेली, चकाकत होती. आबा बघतच राहिले.

"हे कवा झालं?"

"खळवाडीत."

"मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई," आई म्हणाली. माझ्या आईला त्यांच्यापुढं असं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आबांनी माझा हात आपल्या हातात घेतला. माझ्या लहानपणानंतर त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. उलटा केला, सुलटा केला. मग हात सोडला आणि बाहेर पडले. आईला वाटलं आता विहिरीकडं जातात की काय, ती मागं धावली. मीही धावले. आम्ही बघतो तर काय, आबा परत वेशीकडं! आणि थोड्या वेळानं तिकडून आले ते असे: पागोटं काढून काखेत धरलेलं, आणि डोक्यावर हाजराबीची बांगड्यांची टोपली. सहादेव पाटील, बोडक्यानं, टोपली सावरत, काच किणकिणवत भर रस्त्यानं चालले होते. मागून हाजराबी. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. "पाटील, द्या इकडं, पाटील, लोक बघत्यात!" "बघू दे," आबा म्हणाले.

चावडीवर पत्ते खेळत बसलेली मंडळी ताडकन उठली. आबांनी टोपली वर नेऊन मधोमध ठेवली, जिथं ते स्वतः बसायचे तिथं. खाली उतरले. घसा खाकरला.

"सर्कलसायबाला म्या म्हनलो, गावानं आग इझवली," ते म्हणाले. "ते काय खोटं न्हाई. पर गाव त्या दिवशी घरी हुतं. बाजारात गेल्तो ते आपन."

मग ते बन्सीकडं वळले.

"बन्सी, तू खरं बोलला हुतास. माझी जीभ घसरली. हाजराबी, तुझा माल आन् तुझा हात, दोन्हीबी या गावात मानाचं हायत. आन् आजपासनं कुनी बांगड्यांच्या नावानं गड्याला हिनवलं, तर मला येऊन सांगा." मग आमच्याकडं वळून ओरडले, अगदी नेहमीच्या पाटीलकीच्या आवाजात, "आता उभ्या काय ऱ्हायलाय? चढा की वर! वऱ्हाड येईल!"

आम्ही बायका पायऱ्यांपाशी घुटमळलो. सवय कुठली सुटायला! झुंबरबाई मात्र पुढं झाली. वाकून चपला काढायला गेली, थांबली, आणि चपलांसकट वर गेली. मग काय विचारता! सुताराची, माळावरची, बन्सीची बायको, माझी आई, पोरीबाळी, चावडी गच्च भरली. खालून पुरुष माना वर करून बघत होते. बन्सी एकटा हसत होता, सगळे दात दाखवून.

हाजराबीनं माझा भाजलेला हात आधी घेतला. बिस्मिल्ला म्हणाली. अंगठ्याचं हाड दाबून, बोटं एकत्र करून, बांगडी अशी सरकवली की मला कळलंही नाही. डावा-उजवा हिरवागार झाला. चुडा भरला की भरणाऱ्याला नमस्कार करायचा असतो. मी वाकले, तर तिनं मला वरच्यावर धरलं आणि छातीशी आवळलं. "पोरी," म्हणाली, "हा हात लपवू नगंस कुनापासनं. सासूला पयल्या दिवशी दाखव. कुठं भाजला ते बी सांग." आणि ती ढसाढसा रडली. मीही रडले. आणि आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो, आणि मग सगळी चावडीच हसत सुटली.

सासूला मी दाखवला. तिनं नगरभर सांगितलं, माझी सून आग विझवून आली म्हणून! पण ते पुढचं.

त्या दुपारी गावातल्या सगळ्या बायकांच्या मनगटांवर काच चढली. टोपली तळाला आली. तेव्हा माझं लक्ष हाजराबीच्या हातांकडं गेलं. तिच्या स्वतःच्या मनगटांवर दोन-तीन जुनाट बांगड्या, आगीत वाढवल्या त्यातून उरलेल्या. जगाला भरता भरता हिला स्वतःसाठी सवड झाली नव्हती. मी म्हटलं, "मावशे, बस आता. तुझा हात आन."

"अगं खुळी का काय! तुला येतंय व्हय?"

"न येऊ दे."

ती बसली. मांडी घालून, ऐसपैस, आबांच्या जागेवर. मला खरंच येत नव्हतं. मी एक बांगडी हाडापाशी अडकवली, दुसरी फोडली, झुंबरबाई आणि आई दोन्ही बाजूंनी शिकवायला लागल्या. हाजराबी म्हणाली, "सावकाश कर गं, घाई न्हाई." खाली पुरुष उन्हात उभे होते. चावडी मोकळी कधी होते, याची वाट बघत होते.